आधी मोजा, मग विकत घ्या : विमानाचा गेम, तापलेला प्रोसेसर आणि आपली प्रयोगवही



"मुलगा महागडा कॉम्प्युटर मागतोय, गेम खेळायला. काय करू?" हा प्रश्न तुम्हाला कोणी ना कोणी विचारला असेल. नसेल तर तुम्ही स्वतःच कुणाला तरी विचारला असेल. माझ्याकडे तो आला अकोल्याहून, ताईकडून. फरक इतकाच की कॉम्प्युटर घेऊन झाला होता आणि प्रश्न पुढचा होता. "अरे, नवीन कॉम्प्युटर तापतोय. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर लावा, आणखी आठ-दहा हजार. तुझे भाऊजी म्हणतात विकूनच टाकतो. पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट."

भाचा अकरावीत. वेड विमानांचं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये संगणकासाठी आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तोच. यात कुणाला गोळ्या घालायच्या नसतात. खरं विमान जसं चालवतात तसं चालवायचं, वारा बघायचा, उंची सांभाळायची आणि धावपट्टीवर नीट उतरायचं. दहावीच्या निकालानंतर भाऊजींनी मन मोठं करून रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर असलेला कॉम्प्युटर बांधून घेतला. आणि मुंबईच्या विमानतळावर उतरताना ऐन वेळी चित्र अडखळायचं, पंखा कोकलायचा, तापमान ८९ अंशांवर जाऊन बसायचं.

मी मार्चअखेर दोन दिवस तिकडे जाऊन आलो. तिथे जे घडलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं, तेच आज मांडतोय. आपण मुलांना उपाय विकत घ्यायला फार लवकर शिकवतो आणि मोजायला फार उशिरा. यात पालक जितके येतात तितकेच आपण शिक्षकही येतो. मीही येतो.

डबा म्हणजे सीपीयू नव्हे

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची पद्धत आहे. मीही वर्गात कित्येक वर्षं तसंच म्हणत होतो. तो डबा म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो आणि या जातीचा प्रोसेसर चार सेंटीमीटर बाय चार सेंटीमीटरचा चौकोन असतो. बिस्किटाएवढा. कंपनीने त्याची औष्णिक क्षमता १२० वॅट दिली आहे. गेम खेळताना तो त्याहून बराच कमी खातो, पण जी वीज खातो तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. त्याला हात लावायची सोय नव्हती. तेवढी उष्णता बिस्किटाएवढ्या जागेतून बाहेर काढायची आहे.

काढायची कशी? यात नवीन काही नाही. तुमच्या दारातल्या स्प्लेंडरच्या इंजिनाला बाहेरून पातळ पातळ पट्ट्या असतात ना, तेच. धातू उष्णता पसरवतो, पट्ट्यांमुळे पृष्ठफळ वाढतं, हवा ती घेऊन जाते. गंमत म्हणजे भाचा ज्या सेसना १७२ विमानावर शिकत होता, त्याचं इंजिनही हवेनेच थंड होतं. पडद्यावरचं विमान आणि टेबलाखालचा डबा, दोघांची अडचण एकच.

कूलरमध्ये तांब्याच्या नळ्याही असतात. या नळ्या भरीव नसतात. आत किंचित पाणी असतं आणि दाब कमी असतो. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन वर जाते, पट्ट्यांजवळ पुन्हा पाणी होऊन खाली येते. बाष्पीभवन आणि संघनन, आपण वर्गात शिकवतो तेच. माठातही बाष्पीभवनच होतं. फरक एवढाच की माठातलं पाणी हवेत निघून जातं, नळीतलं आतच फिरत राहतं. म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकतं, पण कॉम्प्युटरचा असा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार कधीच करू शकत नाही. लिक्विड कूलरही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

झाकण उघडलं तेव्हा

मी काही कॉम्प्युटरवाला नाही, डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण एक गोष्ट खटकली. तापमान गेम सुरू होताच मिनिटभरात ८९ वर जायचं. माठाला गार व्हायला वेळ लागतो, पातेल्याला तापायला वेळ लागतो. एवढा मोठा धातूचा कूलर लावलाय, तोही तापायला वेळ घेणारच. शिवाय मी कूलरच्या पट्ट्यांना हात लावून पाहिला तर त्या कोमट. प्रोसेसर ८९ आणि कूलर कोमट? म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये.

आम्ही वायर काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली, कूलरचे स्क्रू सोडवले. कूलरच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. त्यावर "लावण्याआधी काढा" अशा अर्थाची सूचना इंग्रजीत छापलेली. ज्याने जोडणी केली त्याच्याकडून ते काढायचं राहिलं होतं. घाईत कुणाकडूनही होतं असं, म्हणून दुकानाचं नाव घेत नाही. पण विचार करा, हेच न बघता आठ-दहा हजारांचा नवा कूलर घेतला असता तर तापमान उतरलंच असतं आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, "बघा, लिक्विडशिवाय भागतच नाही." चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आलं असतं. गणितात आपण अशा उत्तराला मार्क देत नाही.

प्लास्टिक काढलं, जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट मधोमध लावली, कूलर बसवला. पेस्ट म्हणजे मलम नव्हे. दोन धातूंच्या पृष्ठभागांमधले न दिसणारे खड्डे हवेने भरलेले असतात, हवा उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून ते पेस्टने भरायचे. जास्त थापली म्हणून जास्त गार होत नाही.

भाचा ओरडला, "मामा, ७४!" भाऊजी प्रथमच खोलीत येऊन बसले.

वहीतला तक्ता

मी परत निघायच्या आधी भाच्याला एक वही घेऊन दिली आणि तीन नियम सांगितले. एक, दर वेळी तेच विमान, तोच विमानतळ, तीच दुपारची वेळ, तेच निरभ्र हवामान, पंधरा मिनिटं. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन, खोलीचं तापमान लिहिल्याशिवाय प्रोसेसरचं लिहायचं नाही. प्रोसेसरचं तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, एचडब्ल्यूइन्फो हे त्यातलं एक. खोलीसाठी भिंतीवरचा साधा तापमापक.

त्याच्या वहीतल्या नोंदी अशा आहेत :

- मार्चअखेर, प्लास्टिक काढल्यावर : खोली ३४, प्रोसेसर ७४, फरक ४०
- कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढल्यावर : खोली ३४, प्रोसेसर ६८, फरक ३४
- व्होल्टेज कमी केल्यावर : खोली ३४, प्रोसेसर ६४, फरक ३०
- मे महिना, काहीही न बदलता : खोली ४०, प्रोसेसर ७०, फरक ३०
- डिसेंबर, काहीही न बदलता : खोली २४, प्रोसेसर ५४, फरक ३०

मे महिन्यात त्याचा घाबरून फोन आला. "मामा, परत ७० वर गेला, बिघडला बहुतेक." मी म्हटलं, तिसरा रकाना वाच. दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "फरक तेवढाच आहे. प्रोसेसर नाही तापला, अकोला तापलंय!"

मित्रहो, हे वाक्य मी त्याला सांगितलं असतं तर तो विसरला असता. ते त्याने स्वतःच्या तीन रकान्यांतून काढलं. पुढचा हिशेबही त्यानेच केला. या प्रोसेसरची मर्यादा ८९, आपला फरक ३०, म्हणजे खोली ५९ अंश होईपर्यंत चिंता नाही. खोली ५९ झाली तर आधी आपलंच काय होईल! लिक्विड कूलर लागतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर एका वजाबाकीत मिळालं.

दुसरी नोंदही बघा. फक्त बंद कप्प्यातून बाहेर काढल्याने सहा अंश उतरले, खर्च शून्य. समोरून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर, एवढा रस्ता मोकळा हवा. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला तो कप्पा असतोच आणि आपण डबा त्यात कोंबून वर दारही लावतो.

ट्यूनिंग म्हणजे पिळणं नव्हे

मुलं ट्यूनिंग म्हणाली की आपल्याला वाटतं यंत्राला जास्त पळवणार, जाळणार. जास्त वेग म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पण या प्रोसेसरमध्ये तसं करायला फारसा वाव ठेवलेलाच नाही. त्यात ९६ एमबीची मोठी कॅशे आहे, एरवी अशा आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये ती ३२ असते. कॅशे म्हणजे स्वयंपाकघरातला ओट्यावरचा डबा. वारंवार लागणारी वस्तू कोठीत न ठेवता हाताशी ठेवतात तसा. विमानाच्या गेममध्ये जमीन, हवामान, इतर विमानं असा बराच हिशेब मुख्यतः एकाच कोअरच्या रांगेत होतो, त्यामुळे ढीगभर कोअरपेक्षा हाताशी असलेला मोठा डबा जास्त उपयोगी पडतो. पण ही जादा कॅशे या प्रोसेसरमध्ये कोअरच्या वर रचलेली आहे. खालच्या खोलीची उष्णता माळ्यातून बाहेर पडावी तसं होतं. म्हणून याची मर्यादा ८९ अंश, आणि साध्या ७७००एक्सची ९५. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये ती कॅशे कोअरच्या खाली नेली आणि मर्यादाही ९५ झाली.

मग ट्यूनिंग कशाचं? व्होल्टेज कमी करण्याचं. प्रोसेसरचा वीजखर्च साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे ०.९०२५. खर्च जवळपास १० टक्के कमी. 'वर्ग शिकून काय उपयोग सर?' असं विचारणाऱ्या मुलाला मी हल्ली हेच उदाहरण देतो. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय असते, तिथे उणे आकडा टाकायचा. भाच्याने उणे १० टाकला, ठीक चाललं. उणे १५, ठीक. मग मित्राने सांगितलं म्हणून थेट उणे ३०. तिसऱ्या दिवशी गेम मधेच बंद पडला, काही न सांगता. तो परत उणे १५ वर आला आणि वहीत लिहिलं, "उणे ३० मित्राच्या प्रोसेसरला चालतं, माझ्या नाही." प्रत्येक तुकडा वेगळा असतो, दुसऱ्याचा आकडा उतरवून चालत नाही. कॉपी का करू नये हे याहून चांगलं कोणी शिकवलं असतं?

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची. तापमान उतरल्यावर पंखा शांत झाला, चित्र बरंच सुधारलं, पण मुंबईत उतरताना थोडं अडखळणं उरलंच. म्हणजे तो दोष उष्णतेचा नव्हताच. मोठ्या शहराजवळ त्या एका रांगेवर ताण येतो. भाच्याने दूरवरच्या जमिनीचा तपशील २०० वरून १०० वर आणला आणि चित्रांचा वेग सेकंदाला ३० वर बांधून टाकला. ३० म्हणजे दर चित्राला ३३.३ मिलिसेकंद. कधी ६० आणि कधी ३५ असं धडपडण्यापेक्षा कायम ३० डोळ्याला बरं वाटतं. दोन दुखणी होती, एकावेळी एकच गोष्ट बदलली म्हणून ती वेगळी कळली.

पालकांनो, एवढं सांभाळा

- डबा उघडताना वायर काढलेली हवी. घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.
- व्होल्टेज कमी करून पाहायला हरकत नाही, वाढवायचं मात्र अजिबात नाही. २०२३ मध्ये या मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एका विशिष्ट व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालणारे बायोस अपडेट आले. म्हणून नवीन यंत्रात आधी बायोस अद्ययावत करून घ्या. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड अडचणीत येऊ शकतं, तेव्हा यूपीएस असलेल्या ठिकाणीच करा.
- आधीचे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. चुकलं तर परत जायचा रस्ता हवा.
- खिडकीतल्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर नको. आणि धूळ दर महिना-दोन महिन्यांनी झटका.
- वेळेचं बंधन तुम्हीच घालायचं. ते कुठल्याही बायोसमध्ये मिळत नाही.

"सर, हे श्रीमंतांचे लाड झाले"

असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, आणि ते चूक नाही. अशा कॉम्प्युटरची किंमत आमच्या शाळेतल्या बऱ्याच पालकांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी आहे. तो घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही. विमानाची हौसच असेल तर फ्लाइटगिअर नावाचा मोफत सिम्युलेटर आहे, त्याला इतकं महाग यंत्र लागत नाही. माझं म्हणणं कॉम्प्युटरबद्दल नाहीच, वहीबद्दल आहे. आणि वही वीस रुपयांना मिळते.

अकोल्याहून परत आल्यावर मला माझ्याच वर्गाची लाज वाटली. आमची मुलं प्रयोग कसा लिहितात? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं मी फळ्यावर लिहितो, ती उतरवतात. निरीक्षण प्रयोगाच्या आधीच लिहून झालेलं असतं! म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी विज्ञान पेटीतला तापमापक काढला आणि पाच मुलांना पाच दिवस दिला. घरातल्या खोलीचं तापमान, माठातल्या पाण्याचं तापमान आणि फरक. तेच तीन रकाने.

चौघांचे आकडे साधारण जुळले. एका मुलीच्या माठात फरक फारच कमी, जेमतेम दोन अंश. माझ्या तोंडावर आलं होतं, "बाळा, चुकलं असेल, बाजूचीचं बघून दुरुस्त कर." शब्द ओठांवरच थांबवले. तिला विचारलं, माठ कसा आहे? ती म्हणाली, "सर, आजीच्या वेळचा आहे." जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात, पाणी झिरपत नाही, बाष्पीभवन कमी होतं. वर्गातला सगळ्यात चांगला आकडा तिचा होता आणि मी तो पुसायला निघालो होतो.

आजवर असे किती आकडे मी पुसायला लावले असतील, हे मला माहीत नाही. दुकानदाराने प्लास्टिक काढलं नव्हतं आणि मी वर्षानुवर्षं प्रयोगवहीवरचं प्लास्टिक काढलं नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

म्हणून शिक्षक मित्रांना विनंती. एखादा विद्यार्थी प्रकल्प म्हणून "माझ्या कॉम्प्युटरचं तापमान" किंवा "चार्जिंगला लावल्यावर मोबाईल किती तापतो" असं काही घेऊन आला तर "हे काय, गेमचं!" म्हणून परत पाठवू नका. वही मागा. तीन रकाने आहेत का बघा. न जुळणारा आकडा दिसला तर त्यावर लाल रेघ मारू नका, त्याच्यापाशी थांबा.

आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी "हे घेऊन द्या" म्हणाली की हो किंवा नाही म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा, "तू काय मोजलंस?" उत्तर आलं तर खर्चाचा निर्णय तुम्हा दोघांनाही सोपा जाईल. उत्तर नाही आलं तर आधी वही घेऊन द्या.

ताईच्या घरी तो कॉम्प्युटर अजून आहे, साध्या कूलरवरच. भाऊजी अधूनमधून शेजारी बसतात. परवा म्हणत होते, "आज खोली २६ आहे, म्हणजे ५६ दाखवेल बघ." दाखवलं ५७. भाच्याने ५७ च लिहिलं.

तुमच्या वर्गात किंवा घरात असा एखादा तक्ता तयार झाला तर जरूर कळवा. न जुळणारे आकडे आधी पाठवा.